अंगणातला मोगरा: गुडघ्याएवढं झुडूप, ओंजळभर कळ्या

शहापूर-मुरबाडकडच्या कितीतरी अंगणांत मोगरा दिसतो: पुरुषभर उंच वाढलेला, हिरवागार आणि बिनफुलांचा. लाड जास्त, कात्री कमी, एवढंच त्याचं दुखणं. आपण मात्र झुडूप बुटकं, गोल आणि फुलतं ठेवणार आहोत. कुदळ, घमेलं, धारदार सिकेटर आणि दोन घमेली जुनं शेणखत जमवा. चला, मे महिन्यापासून सुरुवात करू.

१. जागा ठरवा. दिवसाचे निदान सहा तास ऊन हवं. घराच्या पागोळ्यांपासून दोन हात लांब राहा. आपल्याकडचा पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला सांगायला नको. पागोळीखालचं रोप मुळासकट उघडं पडतं.

२. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा. वीतभर खाली मुरूम लागला तरी थांबू नका. उथळ खड्ड्यातलं झाड उन्हाळ्यात सगळ्यात आधी माना टाकतं.

३. खड्डा पंधरा दिवस उन्हात तापू द्या. मुलं, कोंबड्या पडू नयेत म्हणून भोवती काटेरी फांद्या लावा.

४. खड्डा भरा. खड्डा आणि वरचा उंचवटा भरेल एवढी वरची भुसभुशीत माती, एक घमेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड नीट कालवून घ्या. शेण ताजं नको, त्यानं वाळवी आणि हुमणीला आमंत्रण जातं. भाताच्या खाचरातली चिकण माती वापरणार असाल, तर तेवढीच जाडसर वाळू मिसळा.

५. वर वीतभर उंचवटा करा. ही पायरी गाळायची नाही. जुलैत मोगरा मरतो तो बहुतेक वेळा मुळाशी साचलेल्या पाण्यानं.

६. रोप निवडा. बटमोगरा किंवा हजारी मोगरा मागा. वेलमोगरा घेतलात तर तो मांडवावरच चढवावा लागेल. उंच, एकदांडी रोप दिसायला झोकदार असतं, पण तुम्ही बुडापासून तीन-चार फांद्या फुटलेलं ठेंगणंच उचला.

७. जूनमध्ये दोन-चार दमदार पाऊस झाले की रोप लावा. पिशवी ब्लेडनं उभी कापून काढा, ओढू नका. मुळांभोवतीचा गोळा फुटला तर रोप महिनाभर रुसून बसतं. पिशवीत जितकं खोल होतं तितकंच मातीत जाऊ द्या.

८. भोवतीची माती हाताने दाबा. पायाने तुडवू नका.

९. करवंदीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण करा. भातकापणी उरकली की गुरं-शेळ्या मोकाट सुटतात, तोवर थांबलात तर उशीर झालेला असेल.

१०. नवे फुटवे वीतभर झाले की शेंडे नखाने खुडा. हात कचरेल, तरी खुडा. एका शेंड्याच्या जागी दोन फांद्या येतात आणि झुडूप भरतं.

११. मोठी सर येऊन गेली की बुंध्याशी बघा. पाणी थांबलेलं दिसलं तर कुदळीनं चर काढून वाट करून द्या.

१२. पाऊस संपला की तण काढून बुंध्याभोवती पेंढा किंवा सागाचा वाळका पाला पसरा. बुंध्याला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा.

१३. डिसेंबर लागला की पाणी तोडा. इथेच पुष्कळांचा धीर सुटतो, म्हणून जरा सावकाश सांगते. आच्छादन बाजूला सारा आणि तीन-चार आठवडे झाडाला थेंबही देऊ नका. पानं निस्तेज होतील, काही पिवळी पडून गळतील. मोगरा सदाहरित खरा, पण या दिवसांत त्याचं हिरवेपण राखायला गेलात तर उन्हाळ्यात पानंच मोजत बसाल. शेजारच्या काकू कळवळून कळशी ओततील, त्यांना आधीच सांगून ठेवा. फांद्यांची सालच सुरकुतू लागली तर मात्र ताण पुरे झाला, पुढच्या पायरीवर या. आणि रोप यंदाच लावलेलं असेल तर ही पायरी सोडा: पहिल्या वर्षी पाणी चालू ठेवायचं आणि छाटायचे ते फक्त शेंडे.

१४. म्हसाच्या जत्रेच्या सुमारास, म्हणजे पौष पौर्णिमेच्या आगेमागे, छाटणी करा. आधी वाळक्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या बुडातून काढा. मग उरलेलं झुडूप सगळीकडून गुडघ्याच्या उंचीवर, साधारण दीड फुटावर आणा. प्रत्येक काप डोळ्याच्या जरा वर, थोडा तिरका घ्या. कोयता नको, त्यानं फांदी चेचते आणि तिथूनच वाळत खाली येते. छाटून झाल्यावर झाड बोडकं दिसेल. बोडकंच दिसायला हवं, घाबरू नका.

१५. फांद्यांवर उरलेली जुनी पानं हाताने काढा. खालून वर ओरबाडू नका, पानाच्या बगलेतला डोळा मोडतो आणि कळी त्याच्याच फुटव्यावर येणार असते.

१६. बुंध्यापासून वीतभर लांब गोल चर काढून त्यात एक घमेलं शेणखत आणि मूठभर चुलीतली राख घाला. खत बुंध्याला चिकटवू नका.

१७. आता पोटभर पाणी द्या आणि आच्छादन पुन्हा सारखं करा. पुढे दोन दिवसांआड कळशीभर पुरतं, कडक उन्हात दिवसाआड. तानसा-भातसा ही धरणं आपल्याच शहापुरात, तरी एप्रिल-मेमध्ये टँकरकडे डोळे लावून बसतात ते आपलेच पाडे. तेव्हा तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी मोगऱ्याला जाऊ द्या. साबणाचं किंवा खारट पाणी नको.

१८. कळ्या दिसू लागल्या की रोज सकाळी एक नजर टाका. कळी जांभळट झाली, तिला भोक पडलं, तर आत अळी आहे. अशा कळ्या तोडून जाळा, झाडाखाली टाकू नका. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब द्रवसाबण मिसळून उन्हं उतरल्यावर फवारा. भर उन्हात फवारलंत तर पानं करपतील. पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर लिटरला ५ ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर मारा.

१९. तिन्हीसांजेला टपोऱ्या, पांढऱ्या झालेल्या कळ्या देठासकट खुडा. हिरवट कळी राहू द्या, तोडल्यावर ती उमलत नाही. झाडावर सुकलेली फुलंही काढत जा.

२०. बहर ओसरला, पहिला पाऊस आला की लांबलेले शेंडे चार बोटं छाटा. जोरात छाटायचं ते फक्त पौषात.

२१. शेजाऱ्यांना रोप हवं असेल तर त्याच वेळी एक खालची लवचीक फांदी तशीच ठेवा आणि दाब कलम करा. मधल्या डोळ्याखाली साल किंचित खरवडा, तो भाग दोन बोटं मातीत पुरा, वर कौलाचा तुकडा ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. मधेमधे उपटून मुळं आली का बघण्याचा मोह टाळा. दिवाळीच्या सुमारास मूळ झाडाच्या बाजूने फांदी कापा, पण रोप लगेच उचलू नका. आठवडाभर तिथेच स्वतःच्या मुळांवर जगू द्या, मग मातीच्या गोळ्यासकट काढून द्या.