पेटीतील कागद : बाबासाहेबांच्या हस्तलिखितांवरून इतिहासाचा एक पाठ

इयत्ता नववीला 'इतिहासाची साधने' शिकविताना आमची एक अडचण होत असे. ताम्रपट, शिलालेख, नाणी हे सारे विद्यार्थी तोंडपाठ म्हणतात. परंतु साधन म्हणजे वस्तुसंग्रहालयातील काचेआडची वस्तू, ही त्यांची समजूत काही जात नाही. म्हणून काही वर्षांपासून आम्ही वर्गात महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेला बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा तिसरा इंग्रजी खंड नेतो आणि प्रकरणे बाजूला ठेवून केवळ प्रकरणांच्या आरंभी संपादकांनी दिलेल्या लहान टिपा वाचून दाखवितो. हा मजकूर टंकलिखित आहे की हस्ताक्षरात, किती पानांचा आहे, कोठे अपुरा राहिला आहे, हे त्या टिपांत नोंदविलेले आहे. एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, बाबासाहेबांची पाने हरवली कशी?" त्या दिवशी आमचा पाठ खऱ्या अर्थाने सुरू झाला.

१९५१ साली केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यानंतर बाबासाहेबांच्या हाती सत्ता उरली नाही. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात ते पराभूत झाले. राज्यसभेचे सदस्यत्व होते, प्रकृती मात्र ढासळत होती. राजकीय चरित्रकार हा कालखंड उताराचा म्हणून चार पानांत आटोपतात. ते आम्हाला मान्य नाही. दिल्लीतील २६, अलीपूर रोड या निवासस्थानी याच वर्षांत त्यांचे अखंड लेखन चालले होते आणि नानकचंद रत्तू कार्यालयातील नोकरी सांभाळून ते टंकलिखित करून देत होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले, तेव्हा अनेक ग्रंथ अर्धवट अवस्थेत होते.

पुढे ही कागदपत्रे न्यायालयाच्या ताब्यात गेली व तेथून महाराष्ट्राच्या महाप्रशासकांकडे आली. लोखंडी पेट्यांना कुलूप होते आणि वारसाहक्काचा प्रश्न होता. नागपूरचे अॅड. बनसोड यांनी न्यायालयात मागणी केली की, हे लेखन प्रसिद्ध करण्याची परवानगी आम्हास द्यावी, नाहीतर शासनाने ते प्रसिद्ध करावे. प्रकरण वर्षानुवर्षे चालले. १९७६ साली शासनाची प्रकाशन समिती स्थापन झाली, १९७९ मध्ये पहिला खंड निघाला. परंतु पेट्या समितीच्या हाती आल्या त्या १९८१ साली. वसंत मून यांनी दोन्ही वारसांची, म्हणजे माईसाहेबांची आणि प्रकाश आंबेडकरांची, संमती मिळविली तेव्हा हे घडले. मून हे महसूल खात्यातील अधिकारी. सातबाराच्या कागदाची किंमत जाणणारा माणूस या कामी लाभला, हे आम्ही समाजाचे भाग्य समजतो. पंचवीस वर्षे कुलपात राहिलेल्या कागदांचे काय होते, हे वाळवी लागलेली ट्रंक ज्यांनी उघडली आहे त्यांना सांगावयास नको.

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचा गाभा. पाने हाती आली, तरी ती कशाची, हे कसे कळावे? येथे एका वेगळ्याच कागदाने साक्ष दिली. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केला. परंतु बाबासाहेबांनी त्यासाठी लिहिलेली प्रस्तावना त्या आवृत्तीत छापली गेली नाही. १९८० मध्ये भगवान दास यांनी ती प्रकाशात आणली. तीत बाबासाहेब सांगतात की, बौद्ध धम्म नीट समजावा म्हणून आपण तीन ग्रंथांचा एक संच योजला आहे. हा त्यांपैकी एक, दुसरा बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांविषयीचा आणि तिसरा प्राचीन भारतातील क्रांती व प्रतिक्रांती यांविषयीचा. पेट्यांतून निघालेले सुटे लेखन या दोन विषयांचे होतेच. प्रस्तावना नसती, तर आपण त्यांना एकाकी टिपणे समजलो असतो. प्रस्तावनेमुळे कळते की, धम्मग्रंथ हा एका मोठ्या इमारतीचा उभा राहिलेला एक खांब आहे. आणखी एक बारकावा पाहा. प्रस्तावनेत 'बुद्ध आणि कार्ल मार्क्स' असे नाव आहे. १९८७ च्या तिसऱ्या खंडात तेच लेखन 'बुद्ध किंवा कार्ल मार्क्स' या नावाने आहे. 'आणि' व 'किंवा' यांत केवढे अंतर आहे, यावर आमच्या वर्गात एक संपूर्ण तास गेला. निकाल लागला नाही, आणि आम्ही तो लावण्याची घाईही केली नाही.

त्याच वर्षी चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', निघाला आणि राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून वादळ उठले. ते वगळण्याचा घाट घातला गेला, तेव्हा फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आपल्या समाजाचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेरीस, शासन या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशा आशयाच्या टिपेसह मजकूर कायम राहिला. एका हस्तलिखिताच्या काही पानांसाठी माणसे रस्त्यावर उतरली, हे अभ्यासकांनीही ध्यानात घ्यावे.

गेल्या पालकसभेला एक पालक पत्र्याची डबी घेऊन आले. म्हणाले, "सर, घर पाडून नवं बांधायला काढलंय, आज्याची वही निघाली. ठेवू का टाकू?" वहीत ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला दीक्षेसाठी निघालेल्या गावकऱ्यांची नावे आणि प्रत्येकाने दिलेली वर्गणी होती. आम्ही ती विद्यार्थ्यांकरवी नकलून घेतली, पानांची छायाचित्रे काढली आणि मूळ वही त्यांना परत केली. चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकात पक्की बंद करू नका, सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. वही कोणाची, कोठे सापडली, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा, एवढे सांगितले. माजी विद्यार्थ्यांनाही आमची हीच विनंती आहे. मूळ कागद शाळेला देण्याची गरज नाही. नक्कल करण्यापुरते आणावेत.

त्या यादीतील सातवे नाव आमच्या आठवीतील एका मुलीच्या पणजोबांचे निघाले. यादीचे शेवटचे पान मात्र वहीत नाही. मुलांनी नकलेच्या खाली, खंडातील टिपांच्याच धर्तीवर, तशी नोंद केली आहे.