पिल्लं दगावतात, मग हे काम करावं का?

प्रश्न : रस्त्यावरची आजारी पिल्लं घरी आणून मी त्यांची शुश्रूषा करते. यंदा पार्व्हो विषाणूने तीन पिल्लं गेली. शेजाऱ्यांचं बोलणं सोसतं, हे मरण सोसत नाही. थांबू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमची माया कमी पडली नाही. पार्व्हो आतड्याचं अस्तर आणि पांढऱ्या पेशी, दोन्हींवर घाला घालतो. सलाईन, उलटीचं इंजेक्शन, ऊब यांवर पिल्लू तगवायचं. तरी काही जातातच. पहिले तीन-चार दिवस निघाले, तर मात्र बहुतेक वाचतात. मरगळलेलं पिल्लू आपणहून वाटीकडे जातं, त्या क्षणाचा आनंद मला आजही तितकाच होतो.

पण एक गोष्ट कळकळीने सांगते. हा विषाणू जमिनीत, अंथरुणात कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो. साध्या फिनाईलवर विसंबू नका. फरशी धुऊन ब्लीचचं पाणी दहा मिनिटं राहू द्या. अंथरूण टाकून द्या.

काम सोडू नका. लस न झालेलं पिल्लू मात्र वर्षभर घरी आणू नका. तोवर गल्लीतल्या निरोगी पिल्लांना सहाव्या-आठव्या आठवड्यापासून लस द्या आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचून घ्या.