देवळातील चोरी आणि पोलिसांची तपासपथके

पोलीस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नाक्यावर उभा असलेला शिपाई येतो. परंतु जिल्ह्याच्या पोलीसदलात एकेका कामापुरती नेमलेली निराळी पथके असतात, आणि अवघड गुन्ह्यांचा छडा बहुधा त्यांच्याच हातून लागतो. देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्यांनी तरी त्यांची कार्यपद्धती जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण तपास बिघडतो तो पुष्कळदा पोलीस येण्यापूर्वीच, आणि बिघडविणारे आपणच असतो.

अमेरिकेत परगण्याच्या पोलीसप्रमुखास शेरीफ म्हणतात व बहुतेक ठिकाणी लोक त्याला मतदानाने निवडतात. आपल्याकडे मुंबईचे शेरीफ हे पद केवळ मानाचे होय. जिल्ह्याचा खरा कारभार पोलीस अधीक्षकाकडे असतो व त्याची नेमणूक राज्य सरकार करते. त्याच्या हाताखाली ठाण्यांखेरीज श्वानपथक असते, ठसेतज्ज्ञ असतात. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्यास स्थानिक गुन्हे शाखा आहे; कर्नाटकात सायबर, आर्थिक व अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतंत्र ठाणी आहेत.

कोकणातील दिवेआगरचे उदाहरण आपल्या वाचकांस ठाऊक असेल. 1997 साली तेथे बागेत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. मार्च 2012 मध्ये दरोडेखोरांनी दोघा रखवालदारांचा जीव घेऊन तो पळविला. पोलिसांनी टोळी पकडली, परंतु तोवर मुखवटा वितळवून टाकलेला होता. 2017 साली अलिबागच्या विशेष न्यायालयाने मुख्य आरोपींना जन्मठेप दिली, आणि 2021 साली नवा मुखवटा देवळात बसविण्यात आला. आता विचार करा : सोन्याच्या लगडीवर देवाचे नाव कोरलेले नसते. ती देवाचीच हे सांगायचे तर वजन, कस, घडणावळ यांची आधीची नोंद हवी. आपल्या खेड्यांतील किती देवळांत अशी नोंदवही आहे?

चोरी उघडकीस आली की आपल्याकडे प्रथम काय होते ते पाहू. पहाटे पुजाऱ्यास कुलूप तुटलेले दिसते. तो ओरडतो, गाव धावते. पन्नास माणसे सभामंडपात, दहा गाभाऱ्यात. कोणी कडी हातात धरून पाहतो, कोणी पडलेली समई उचलून ठेवतो. चोरट्याचा स्पर्श झाला म्हणून मग गाभारा धुऊन काढण्याची घाई होते. मी पुजाऱ्याच्या घरचाच असल्याने या घाईमागील भावना मला परकी नाही. तथापि त्या घागरभर पाण्याबरोबर पायाचे उमटलेले माग, बोटांचे ठसे आणि श्वानाला लागणारा वास हे सारे वाहून जाते. शुद्धी पंचनाम्यानंतरही होऊ शकते. पंचनामा मात्र शुद्धीनंतर होऊ शकत नाही.

बोटांच्या ठशांची विद्या जगभर मान्य झाली तिला आपल्याच देशात मोठा हातभार लागला. 1897 साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले. तेथील अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघांनी ठशांचे वर्गीकरण बसवून दिले. माणसाच्या बोटांवरील घाम व तेलकटपणा गुळगुळीत वस्तूस चिकटतो. त्यावर बारीक भुकटी पसरली की रेषा दिसू लागतात. मग पुजाऱ्याच्या व सेवेकऱ्यांच्या बोटांचे ठसेही मागितले जातात. याचा काहींना राग येतो. पण हेतू त्यांना चोर ठरविण्याचा नसतो. रोजच्या वावरातले ठसे वगळले म्हणजे उरतो तो परक्याचा, इतकाच त्याचा अर्थ. श्वान वासावरून दिशा दाखवितो, परंतु एवढ्याच पुराव्यावर न्यायालये शिक्षा देत नाहीत. त्याला अन्य पुराव्याची जोड लागते.

1 जुलै 2024 पासून नवे कायदे अमलात आले आहेत. भारतीय न्याय संहितेत देवळातील मूर्तीच्या चोरीचा स्पष्ट उल्लेख असून तिला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत लागू करावयाची आहे. झडती व जप्तीचे चित्रमुद्रणही आवश्यक झाले आहे.

हुलसूरसारख्या सीमेवरील गावास आणखी दोन गोष्टींचे महत्त्व आहे. चोर रातोरात महाराष्ट्रात उतरतो आणि हद्द कोणाची हा वाद निघतो. आता गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने फिर्याद नोंदवून घेतलीच पाहिजे. पुढे ती योग्य ठाण्याकडे जाते. दुसरी गोष्ट भाषेची. निजामी अमलात सरकारी दप्तर उर्दूत असे. 1956 साली बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आल्यावर कन्नडचा अंमल सुरू झाला. आमची मराठी बोलणारी वडीलधारी मंडळी कन्नड बोलतात, पण वाचता येत नाही म्हणून मुकाट्याने सही करतात. फिर्याद लिहिल्यावर ती फिर्याददारास वाचून दाखविणे व तिची प्रत विनामूल्य देणे हे कायद्यानेच सांगितले आहे. तेव्हा नम्रपणे, परंतु ठामपणे म्हणावे, ‘साहेब, एकदा वाचून दाखवा.’ किती दागिने, कोणते, केव्हा दिसेनासे झाले, हे त्या कागदावर चुकले तर पुढे कोर्टात आरोपीचा वकील त्याच चुकीवर बोट ठेवतो.

पंच म्हणून कोणी उभे राहत नाही, ही तपास अधिकाऱ्यांची नेहमीची अडचण. कोर्टाच्या खेपा नकोत म्हणून शहाणीसुरती माणसे मागल्या दाराने निघून जातात. विश्वस्तांनी आधीच दोघातिघांची संमती घेऊन ठेवावी. दागिन्यांची वजने, मूर्तींची चारी बाजूंनी काढलेली छायाचित्रे आणि शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीची 1972 च्या पुरावस्तू कायद्याखालील नोंदणी यांचे कागद देवळात न ठेवता कोणा एका विश्वस्ताच्या घरी ठेवावेत. संकटसमयी 112 हा क्रमांक आहे. देणगीच्या नावाने भ्रमणध्वनीवरून कोणी फसविले तर 1930 वर लगेच कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी थांबविता आले तरच ते परत मिळण्याची आशा राहते.