पहिलं पायदान कोण ठरवतं?
(गाण्यांच्या क्रमवारीचा एक छोटा अभ्यास)

'लोकप्रिय' हा शब्द आपण साहित्याच्या वर्गात फार सहज वापरतो. लोकप्रिय कादंबरी, लोकप्रिय नाटक, लोकप्रिय कवी. पण अमुक एक गोष्ट लोकांना प्रिय आहे हे मोजलं कुणी आणि कशावरून, असं कुणी विचारलं की आपली गाडी अडते. हा प्रश्न समजून घ्यायला मला पुस्तकांपेक्षा गाणी सोपी वाटतात, कारण गाण्यांच्या बाबतीत जगाने अक्षरशः दर आठवड्याला मोजमाप केलं आहे. पहिलं, दुसरं, तिसरं, अशी यादी लावली आहे. ती यादी कशी बनते, ते आधी पाहू. मग आपल्या लिंबायतकडे वळू.

दोन तराजू

गाण्याची लोकप्रियता मोजायचे दोन जुने मार्ग आहेत. एक, गाणं रेडिओवर किती वेळा वाजलं. दुसरा, त्याच्या किती प्रती विकल्या गेल्या. वरवर दोन्ही सारखेच वाटतात, पण त्यांत मोठा फरक आहे.

रेडिओवर गाणं लागतं तेव्हा निवड ऐकणाऱ्याची नसते, लावणाऱ्याची असते. आपण स्वयंपाक करतोय, रिक्षात बसलोय, गाणं कानावर पडतं. आवडलं तरी पडतं, नाही आवडलं तरी पडतं. म्हणून रेडिओ मोजतो ती पोहोच. विक्रीचं तसं नाही. तिथे माणूस खिशात हात घालतो. पैसे देऊन आणलेलं गाणं त्याला हवं होतं, एवढं नक्की. पण ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याची आवड विक्रीच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

आता एक साधं उदाहरण घेऊ. आकडे माझे, फक्त समजण्यापुरते. एका आठवड्यात 'अ' गाणं रेडिओवर १०० वेळा वाजलं आणि त्याच्या २०० प्रती खपल्या. 'ब' गाणं २० वेळा वाजलं, पण ६०० प्रती खपल्या. दोघांचं मिळून वाजणं १२०, खप ८००. म्हणजे वाजण्यात 'अ'चा वाटा ८३ टक्के आणि खपात २५ टक्के. 'ब'चा वाटा १७ आणि ७५.

दोन्ही तराजूंना सारखं वजन दिलं तर 'अ'ला ५४ गुण, 'ब'ला ४६. पहिला नंबर 'अ'चा. आता खपाला ७० टक्के आणि रेडिओला ३० टक्के वजन द्या. 'अ'ला साधारण ४२ आणि 'ब'ला साधारण ५८. पहिला नंबर 'ब'चा! गाणी तीच, ऐकणारे तेच, आठवडाही तोच. बदललं ते फक्त सूत्र. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बिनाका गीतमाला

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे बिनाका गीतमाला. आपल्या आजी-आजोबांना विचारा, डोळे चमकतील. कार्यक्रम सुरू झाला ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवरून. गंमत म्हणजे त्याच्या तीनच आठवडे आधी, १४ नोव्हेंबर १९५२ ला, ब्रिटनमधल्या 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने तिकडची पहिली विक्रीवर आधारलेली यादी छापली होती. त्यांची पद्धत साधी: वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन करायचा आणि काय खपलं ते विचारायचं.

भारतीय श्रोत्यांसाठीचा कार्यक्रम सिलोनहून का? तर त्यामागे एक मराठी माणूस आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीने शास्त्रीय संगीत घरोघरी न्यावं ही त्यांची तळमळ, आणि सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटायची. आकाशवाणीवर सिनेमाची गाणी आटली. श्रोते मात्र आटले नाहीत. त्यांनी रेडिओचं बटण फिरवलं आणि शॉर्टवेव्हवर सिलोन लावलं. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. म्हणजे रेडिओने एखादी गोष्ट वाजवायची नाही असं ठरवलं, तरी लोक ती ऐकायचं सोडत नाहीत. ते दुसरी वाट शोधतात.

गीतमालेचे निवेदक अमीन सयानी तेव्हा विशीही पूर्ण न झालेले होते, म्हणजे आपल्यापेक्षाही लहान! कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप कोलंबोला जायची. सुरुवातीला सात गाणी लागायची, त्यांना क्रमांक नसत. श्रोत्यांसाठी एक छोटी स्पर्धा होती आणि थोडं बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारांच्या आसपास पत्रं आली. पुढे हा आकडा आठवड्याला साठ-पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रं वाचायची कुणी? मग स्पर्धा गेली आणि क्रमवारी आली. क्रमांकाला नाव मिळालं 'पायदान', म्हणजे पायरी. हा शब्द इतका रुजला की आजही गाण्याच्या नंबराला कितीतरी लोक पायदानच म्हणतात.

क्रमवारीसाठी रेकॉर्डच्या दुकानांकडून विक्रीचे आकडे घेतले जात. पण त्यात एक मेख होती. समजा गाणं इतकं गाजलं की दुकानातल्या सगळ्या रेकॉर्ड संपल्या. पुढच्या आठवड्यात विक्री शून्य! लोक मागतायत, माल नाही, आणि आकडा सांगतो की गाणं पडलं. शिवाय रेकॉर्ड घ्यायची तर घरी ग्रामोफोन हवा. त्या काळी तो किती घरांत होता? म्हणून विक्रीच्या जोडीला गावोगावच्या श्रोता संघांची मतं घेतली जाऊ लागली. चार-दहा रसिक एकत्र येऊन संघ काढायचे, आपली पसंती ठरवायचे आणि कळवायचे.

इथे झुमरी तलैया आठवल्याशिवाय राहत नाही. आजच्या झारखंडमधलं कोडरमा जिल्ह्यातलं हे छोटं गाव. अभ्रकाच्या खाणींचं गाव. पण तिथल्या लोकांनी फर्माइशीची इतकी पत्रं पाठवली की देशभर रेडिओ ऐकणाऱ्यांना हे नाव तोंडपाठ झालं. बऱ्याच जणांना तर असं गाव खरंच आहे यावर विश्वास बसत नसे. मोठ्या शहराने रेकॉर्ड विकत घेऊन मत दिलं, झुमरी तलैयाने पोस्टकार्ड लिहून.

अमेरिकेतला हिशोब

अमेरिकेत 'बिलबोर्ड' साप्ताहिकाकडे एके काळी तीन वेगळ्या याद्या असत: दुकानात काय खपलं, रेडिओवर काय वाजलं, आणि हॉटेलातल्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून लोकांनी काय लावलं. ४ ऑगस्ट १९५८ पासून 'हॉट हंड्रेड' ही एकत्रित यादी सुरू झाली. तेव्हापासून सूत्र सारखं बदलत आलं आहे.

दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. पहिला १९९१ चा. तोपर्यंत दुकानदार आणि रेडिओवाले तोंडी किंवा लेखी कळवायचे, आणि त्यावर भरवसा ठेवला जायचा. त्या वर्षीपासून दुकानाच्या काउंटरवरच्या बारकोडवरून खरी विक्री मोजली जाऊ लागली. आणि काय झालं? अल्बमच्या यादीत कंट्री आणि रॅप संगीत एकदम वर आलं. ते ऐकणारे काही एका रात्रीत जन्माला आले नव्हते. आधीपासून होतेच, फक्त सांगणाऱ्यांच्या तोंडी त्यांचं नाव येत नव्हतं.

दुसरा प्रसंग नियमाचा. १९९८ च्या डिसेंबरपर्यंत, जे गाणं स्वतंत्र सिंगल म्हणून दुकानात विकायला नाही, त्याला हॉट हंड्रेडमध्ये जागाच नव्हती. 'नो डाउट' या बँडचं 'डोन्ट स्पीक' हे गाणं रेडिओच्या यादीत १६ आठवडे पहिलं होतं, पण मुख्य यादीत त्याचं नावही नाही! कंपनीने ते सिंगल म्हणून विकायला काढलं नव्हतं, एवढंच कारण. पूर्ण अल्बम घ्यायला लावण्यासाठी कंपन्या तेव्हा असं करत.

आणि जिथे नंबर आला तिथे लबाडीही येते. रेडिओवर गाणं वाजवण्यासाठी निवेदकाला गुपचूप पैसे देणं, याला तिकडे 'पेओला' म्हणतात. १९५९-६० मध्ये अमेरिकी संसदेत याची चौकशी झाली आणि १९६० मध्ये असे गुपचूप पैसे घेणं गुन्हा ठरलं. लाच रेडिओवाल्यालाच का? कारण चक्र तिथून फिरतं. गाणं वाजलं की कानाला सवय होते, सवय झाली की विकलं जातं, विकलं की नंबर वर जातो, आणि नंबर वर गेला म्हणून ते अजून वाजतं. यादी लोकांची आवड दाखवते हे खरंच. पण थोडीफार ती घडवतेही.

आता लिंबायत

आता आपल्या घरी येऊ. लिंबायत, गोडादरा, डिंडोली, उधना. इथली हजारो कुटुंबं जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनने आली. कुणी लूम्सच्या खात्यात, कुणी साड्यांच्या मार्केटात. घरात अहिराणी किंवा मराठी, शेजारी हिंदी, दुकानात गुजराती. ह्या वस्तीचं आवडतं गाणं कोणतं, हे वरच्या दोन तराजूंनी मोजून पाहू.

रेडिओ? सुरतच्या एफएमवर हिंदी आणि गुजराती भरपूर ऐकलं, अहिराणी गाणं लागलेलं मी तरी आजवर ऐकलेलं नाही. विक्री? आपली गाणी कधी रेकॉर्डच्या मोठ्या दुकानात नव्हतीच. ती जत्रेतल्या कॅसेटवर आली, मग सीडीवर, मग मोबाईलच्या दुकानात थोडे पैसे देऊन मेमरी कार्डात भरून घेतली. त्याचं बिल कुणी फाडलं? आणि हळदीच्या रात्री मंडपात डीजेवर एक गाणं लागतं, चारशे माणसं नाचतात, 'पुन्हा लाव' म्हणून ओरडतात. कोणत्याही यादीत या चारशेंची नोंद किती? शून्य.

अशी शून्यं महाराष्ट्रातही आहेत. दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला जमणाऱ्या लाखोंनी वर्षानुवर्षं भीमगीतांच्या कॅसेट फुटपाथवरून विकत घेतल्या. त्या फुटपाथला फोन करून 'या आठवड्यात काय खपलं' असं कुणी विचारलं असेल?

मग यूट्यूब आलं. इथे गाणं लावायला कुणाची परवानगी लागत नाही आणि ऐकायला रेकॉर्ड विकत घ्यावी लागत नाही. मोजणी आपोआप, गाण्याच्या खालीच, सगळ्यांना दिसेल अशी. 'बबल्या इकस केसावर फुगे' आणि 'हाई झुमका वाली पोर' या अहिराणी गाण्यांचे व्ह्यूज कोटींत गेले. जे अहिराणी ओळखतही नव्हते ते त्यावर रील करू लागले. १९९१ चं अमेरिकेतलं उदाहरण आठवा. अहिराणी ऐकणारे आत्ता पैदा झाले का? नाही. मोजपट्टी बदलली, म्हणून दिसले.

पण लगेच हुरळून जाऊ नये. व्ह्यूज म्हणजेही एक तराजूच. एकच माणूस पन्नासदा ऐकतो, त्याचे पन्नास. मंडपात एकदा लागलं आणि चारशे नाचले, त्याचा एक. पेनड्राइव्हवरून लागलं असेल तर तोही नाही. पुढे काय दाखवायचं हे पूर्वी निवेदक ठरवायचा, आता यंत्र ठरवतं. चक्र तेच, फक्त चालवणारा बदलला. शिवाय व्ह्यूज मिळवण्यासाठी सगळी गाणी एकाच ठेक्यावर, एकाच विषयावर बनायला लागली, तर बोलीतलं बाकीचं गाणं कुठे जाणार?

न मोजलेलं गाणं

३ डिसेंबर १९५२ ला गीतमाला सुरू झाली असं वर म्हटलं. बरोबर एक वर्ष आधी, ३ डिसेंबर १९५१ ला, जळगावात बहिणाबाई चौधरी गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या खानदेशी बोलीत गाणी रचत गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती जपली, आचार्य अत्र्यांनी त्यांचं मोल ओळखलं, आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपाने आली. जात्यावर होती तोवर या गाण्यांचा खप शून्य, रेडिओवरची वेळ शून्य, पायदान नाही. आज खानदेशात त्यांच्या ओळी येत नाहीत असं घर शोधावं लागेल.

याचा अर्थ मोजणं वाईट, असं मी म्हणत नाही. न मोजलेलं जग सहसा विसरलं जातं; बहिणाबाईंना सोपानदेव भेटले, प्रत्येकीला भेटत नाहीत. म्हणूनच कोण मोजतंय, कुठे उभं राहून मोजतंय आणि कशाला किती वजन देतंय, हे विचारायची सवय आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. 'सर्वाधिक खपाचं पुस्तक' असं मुखपृष्ठावर दिसलं तरी हाच प्रश्न विचारावा.

करून पाहण्यासाठी

१. या लग्नसराईत आपापल्या गल्लीतल्या तीन हळदींना डीजेने वाजवलेली गाणी लिहून काढा. कोणत्या गाण्याला 'पुन्हा लाव' झालं, त्यापुढे खूण करा.

२. घरातल्या साठीच्या पुढच्या एका बाईला तिच्या तोंडी असलेलं, कुठेही ध्वनिमुद्रित न झालेलं एक गाणं विचारा. तिच्या परवानगीने मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि तिच्याच बोलीत लिहून घ्या.

३. दोन्ही याद्या मंडळाकडे आणा. त्यांना कोणतं सूत्र लावायचं, ते सगळे मिळून ठरवू. आणि ते सूत्र यादीच्या वर ठळक छापू, म्हणजे आपलं पहिलं पायदान कुणी आणि कसं ठरवलं, हे वाचणाऱ्याला विचारावं लागणार नाही.