ऐकल्यावाचून गाणे नाही

गावोगावच्या मंडळ्यांकडून आम्हांस एक प्रश्न वारंवार येतो. भजनासाठी पेटी घ्यावी काय, आणि घ्यावी तर कोणती? अलीकडे विजेवर चालणाऱ्या कीबोर्डाविषयीही विचारणा होते. पैसा मंडळीचा असतो, घरोघरी मूठमूठ धान्य बाजूस काढून जमविलेला. तेव्हा ह्या प्रश्नाचा विचार घाईने करू नये. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. आधी तंबोरा घ्यावा, त्याच्यापुढे बसून काही महिने ऐकण्याचा अभ्यास करावा, आणि मग वाटल्यास पेटी घ्यावी. असे का म्हणतो, ते ह्या पाठात सांगावयाचे आहे.

पियानो व पेटी ही दोन्ही वाद्ये एका बाबतीत सारखी आहेत. पियानोत हातोडी तारेवर पडते, पेटीत भात्याचा वारा रीडला हलवितो. परंतु दोहोंतही स्वर कोणी दुसऱ्याने आधीच जुळवून ठेविलेला असतो. लहान मुलाने पट्टी दाबली तरी ठरलेला स्वर निघतो. सुमारे १७०० साली इटलीत क्रिस्तोफोरी ह्या कारागिराने पियानो बनविला, आणि हार्मोनियम १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये देबेन ह्याच्या हातून तयार झाली. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी मांडी घालून एका हाताने भाता हलविता येईल अशी पेटी केली, आणि ती नाटकमंडळ्या, देवळे, शाळा व उपासनामंदिरे ह्या सर्वांत शिरली. पन्नास माणसांस एका पट्टीत आणण्यास तिच्यासारखे सोयीचे वाद्य नाही, हे आम्ही मान्य करतो. पेटीच्या दुकानदारांनी आम्हांवर रागावू नये!

पण तिचा एक दोष आहे. तो समजण्यास थोडा हिशेब करावा लागेल. मध्य षड्जाची आंदोलने सेकंदास २४० आहेत असे धरा. निसर्गतः शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट असतो, म्हणजे ३००. पियानोत व हल्लीच्या पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, म्हणजे कोणत्याही पट्टीपासून आरंभ केला तरी काम चालते. त्या सोयीची किंमत अशी, की तिचा गंधार ३०२ च्याही किंचित वर जातो. फरक दोन-अडीच आंदोलनांचाच. परंतु दोन्ही गंधार एकदम वाजविले तर नादात लाट उठते, आणि ती सेकंदास दोनदा-तीनदा कानावर आदळते. ज्याने शुद्ध गंधार कधी ऐकलाच नाही त्यास ही लाट बोचत नाही. बोचत नाही हीच आमची तक्रार आहे.

ह्या दोषाचा शोध आपल्याच भागात मोठ्या कष्टाने घेतला गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक छापले. गणित पडताळून पाहण्यास गळा लागतो; तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा मिळाला. अर्नेस्ट क्लेमंट्स हे सिव्हिल सर्व्हिसमधील इंग्रज अधिकारीही ह्या कामी लागले, आणि श्रुति वाजविणारी निराळी पेटी तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडण्यात आली, पण पंडित भातखंडे ह्यांस हे श्रुतिगणित पटले नाही, आणि ती पेटी लोकांत रुळली नाही. पुढे १९४० साली आकाशवाणीने साध्या पेटीवरच बंदी घातली व ती सुमारे तीस वर्षे चालविली. एवढी बंदी आम्हांस फाजील वाटते. दोष वाद्यात थोडा आणि त्याच्यावर विसंबून कान निजू देण्यात फार.

आता तंबोऱ्याकडे वळू. तो सांगली जिल्ह्यातील मिरजेत होतो, आणि तेथील सतार व तंबोरा ह्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा हत्यारांस धार लावण्याचा. गेल्या शतकाआधीच्या शतकात तलवारींचे दिवस सरले, तेव्हा त्यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्ये करण्याचे काम हाती घेतले. भोपळे भीमाकाठच्या पंढरपूर भागातून येतात. ते वाळवून, कापून, त्यांस लाकडाची तबकडी व दांडी जोडतात. तारा बहुधा चार: एक पंचमाची, दोन जोडाच्या, एक खर्जाची. त्या घोडीवरून जातात, आणि घोडीचा माथा सपाट नसून अगदी किंचित उतरता असतो. तार कंप पावताना त्या उतारास पुनःपुन्हा स्पर्श करते, म्हणून आवाजास ती ओळखीची झणक येते. हिलाच जवारी म्हणतात. तारेखाली सुताचा धागा सरकवून कारागीर ती जागा नेमकी पकडतो.

चांगल्या जवारीची खर्जाची तार छेडा आणि काही वेळ गप्प बसा. प्रथम षड्जच ऐकू येईल. मन स्थिर झाले म्हणजे त्या षड्जाच्या आत, वर कोठेतरी, गंधार ऐकू येईल. तो कोणी वाजविलेला नाही. एकच तार अखंडही हलते आणि आपल्या पाच भागांतही हलते. त्या पाच भागांच्या हलण्यातून तो निघतो, आणि तो सव्वापटीचा शुद्ध गंधार असतो. देवलांनी कागदावर मांडिले ते येथे निरक्षर माणसासही कळते. मात्र त्यास ऐकावे लागते. पेटी स्वर हातात आणून देते. तंबोरा कानास शोधावयास लावतो.

ह्याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) शिष्यांस शिकवीत. बुवा स्वतः ग्वाल्हेरीस जाऊन वासुदेवबुवा जोशी ह्यांच्यापाशी शिकले, आणि ती गायकी त्यांनी महाराष्ट्रात आणिली. कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचा मुलगा त्यांच्याकडे आला. फटाक्याने त्याचे डोळे अधू झाले होते. ते विष्णु दिगंबर पलुस्कर होत. १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढिले व गाणे घराण्यांच्या उंबऱ्याबाहेर आणिले. १९३१ साली ते वारले तेही मिरजेतच.

ह्या परंपरेत शिष्यास पहिल्याने गावयास बसवीत नसत. तो गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसे, आणि मैफलीत गुरू श्वास घेण्यास थांबले तर तेवढाच स्वर धरी. बाहेरच्यास ती चाकरी वाटावी. परंतु लोकांपुढे गाताना गुरूचा आवाज कोठे टिकतो, कोठे दमतो, श्रोते कोठे हलतात, हे तो मागून तासन्‌तास ऐकत असे. पुढे स्वतः गावयास बसला म्हणजे हे सारे त्याच्या पदरी असे. आमच्या मंडळ्यांत ह्याच्या उलट चालते. ज्याचा आवाज मोठा तो पहिल्या दिवसापासून पुढे बसतो, आणि त्याच्या मागे कोणी काय गात आहे हे त्यास कधीच कळत नाही.

बाळकृष्णबुवांचे दुसरे शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा (१८८१–१९६७), सातारा जिल्ह्यातील किन्हईचे. ते औंध संस्थानात गवई होते, आणि १९४० साली त्यांनी औंधास सुरू केलेला संगीतोत्सव पुढेही चालत आला. त्यांचे पुत्र गजाननबुवा (१९११–१९८७) ह्यांचे उदाहरण येथे विशेष उपयोगी आहे, कारण गाण्याबरोबर ते व्हायोलिन वाजवीत. व्हायोलिनही पियानोप्रमाणेच युरोपातून आलेले. पण त्यावर पडदा नाही, पट्टी नाही. बोट केसभर सरकले तर स्वर बिघडतो, आणि तो बिघडला हे डोळ्यांस दिसत नाही. तेव्हा वाद्य विलायती की देशी हा वाद आम्ही मुळीच घालीत नाही. गजाननबुवांनी घरची ग्वाल्हेर गायकी असता आग्रा व जयपूर घराण्यांची तालीमही घेतली. पिकल्या कानास परका स्वर परका वाटत नाही.

अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस राहिले. १९३७ साली मद्रासेकडून पाँडिचेरीस जाताना वाटेत प्रकृति बिघडली म्हणून ते सिंगपेरुमाळकोइल ह्या लहान स्टेशनावर उतरले. तेथे फलाटावर त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, प्रार्थना म्हणून काही गाइले, आणि प्राण सोडिला. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे.

उपदेशक बंधूंनी आता करावे काय? भजनास आरंभ करण्यापूर्वी दोन-चार मिनिटे तंबोरा नुसता वाजू द्यावा. कोणीही तोंड उघडू नये. मग सर्वांनी आकारात षड्ज लावावा, तोही हळू, शेजाऱ्याचा आवाज स्वतःच्या आवाजाइतकाच ऐकू येईल इतका. शेजारी ऐकू येत नसेल तर आपण मोठ्याने गात आहोत असे समजावे. नंतर अर्ध्या मंडळीने एक कडवे म्हणावे व अर्धीने ऐकावे; मग उलट. पट्टी पुढाऱ्याच्या गळ्यास साजेशी न धरता म्हाताऱ्यांस व मुलांस झेपेल अशी धरावी. १९१७ साली साताऱ्यास देवाचा दरबार स्थापणारे नारायण वामन टिळक ह्यांनी ओवी व अभंग ह्यांच्या वळणाची जी पदे रचिली, ती ह्या अभ्यासास फार सोयीची. त्यांच्या चालींस टाळ पुरतो.

तंबोरा जुळविणार कोण, अशी शंका पुष्कळांस येते. मोबाइलमधला तंबोरा कामास येतो खरा, पण तो आपोआप जुळलेला असतो, म्हणून अर्धेच शिकवितो. मंडळीतील दहा-बारा वर्षांचा एखादा मुलगा अथवा मुलगी निवडावी आणि खुंटी पिळण्याचे व मणी सरकविण्याचे काम तिच्याकडे सोपवावे. पहिला महिना रोज चुकेल, चुकू द्यावे. वाद्य घेण्यास मिरजेस जाताना त्या मुलास बरोबर न्यावे. कारागीर जवारी काढीत असेल तेथे त्यास बसू द्यावे. तो घोडीवर कानशीचा एक हात फिरवितो, तार छेडतो, मान कलती करून ऐकतो, आणि बहुधा पुन्हा कानस उचलतो.