ब्लूबेरी कुंडीतच, तीही पावसाच्या पाण्यावर

अंगणात किंवा गच्चीवर ब्लूबेरीचे बुटके झाड लावायचे म्हटले की पहिली शंका उन्हाची निघते. ती रास्त आहे, पण बारामतीजवळच्या पिंपळी परिसरात मोठा अडसर उन्हाचा नाही. तो जमिनीचा आहे आणि त्याहून अधिक पाण्याचा. ब्लूबेरीला आम्ल जमीनच लागते, हे फ्रेडरिक कोव्हिल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० साली प्रयोगांनिशी मांडले आणि १९१६मध्ये न्यू जर्सीतून लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. त्याआधी लोक चांगली, सुपीक जमीन देऊन झाडे मारत होते. या झाडाला साडेचार ते साडेपाच सामू मानवतो. बारामती-इंदापूरकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू आठच्या घरात असतो, आणि सामूतला तीनचा फरक म्हणजे आम्लतेत हजारपटीचा फरक. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात आणि झाड खुरटते.

यावर गंधक टाकून जमीन सुधारता येईल, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहा. एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचे वजन साधारण ९०० टन भरते. तिच्यात पाच टक्के चुनखडी असली तर ती ४५ टन झाली आणि तेवढी निष्प्रभ करायला सुमारे १४ टन गंधक लागेल. परसातल्या एका खड्ड्यापुरते हे जमवले, तरी भोवतालची माती आणि विहिरीचे पाणी चुना परत आणतातच. म्हणून या झाडाला जमीन नकोच. पंधरा इंची कुंडी घ्यावी. तिच्यात धुतलेले कोकोपीट, पीट मॉस आणि थोडे परलाइट भरावे, शेतातली माती मूठभरही नको. राख, चुना आणि पोटॅशचे म्युरेट वर्ज्य. नत्रासाठी अमोनियम सल्फेट, तेही चिमटीने.

कुंडी नीट भरूनही झाड पिवळे पडले, तर दोष बहुधा पाण्याचा. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट रोज थोडे थोडे सामू चढवत राहते. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे पावसाचे पाणी. दहा चौरस मीटर पत्र्यावर ३०० मिलिमीटर पाऊस पडला तर तीन हजार लिटर पाणी होते. दोन कुंड्यांना रोज दोन-दोन लिटर धरले, तरी नोव्हेंबर ते मे या काळात साडेआठशे लिटर पुरतात. मृगाआधी पन्हळ आणि हजार लिटरची झाकणाची टाकी बसवावी, रोप मात्र ऊन निवळल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये लावावे.

आता ऊन आणि थंडी. सर्वांत बुटके, दीड-दोन फुटांचे ‘टॉप हॅट’ चित्रात मोहक दिसते, पण त्याला दीर्घ कडाक्याची थंडी लागते. आपल्याकडे ते घेऊच नये. तीन-चार फुटांचे ‘सनशाइन ब्लू’ किंवा छाटून आटोपशीर ठेवलेले ‘बिलॉक्सी’ कमी थंडीवर फळते. बिलॉक्सीवरच पेरूने वाळवंटी किनाऱ्यावर मोठी निर्यात उभी केली. त्या दाखल्याने हुरळून जाऊ नये, कारण तो किनारा थंड सागरी प्रवाहामुळे निवतो; आपला एप्रिल चाळिशी गाठतो. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत ५० टक्के सावलीची जाळी आणि दुपारी पूर्ण आडोसा हवाच.

एवढी उठाठेव कशाला, करवंद किंवा फालसा का नको? जमिनीत लावायचे तर जरूर तेच लावावे, ती झाडे या मातीवर रुसत नाहीत. ब्लूबेरीचे समर्थन तिच्या चवीवर उभे आहे. तोडल्यानंतर या फळाची गोडी वाढत नाही. दूरच्या बाजारासाठी तोडताना टिकाऊपणा आधी पाहावा लागतो; घरच्या झाडावर मात्र फळ निळे झाल्यावरही आठवडाभर राखता येते आणि तेव्हा आंबटपणा उतरून त्याचा मंद सुगंध खुलतो. त्याच आठवड्यात बुलबुल हजर होतात, म्हणून झाडावर बारीक जाळी टाकावी. एकरी लागवडीचा सल्ला मात्र मी देणार नाही: कृत्रिम माध्यम, आम्ल मिसळलेले ठिबक आणि शेडनेट यांचा खर्च हौसेच्या दोन कुंड्यांना पेलतो, कर्ज काढून लावलेल्या बागेला नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी रोप मागवण्याआधी बाटलीभर पाणी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्यावे आणि अहवालात सामूबरोबर बायकार्बोनेटचा आकडाही पाहावा.