चूक कबूल केली तर पत जाते का?

प्रश्न : गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ठासून लिहिलं, की आपला परंडा तालुका 15 ऑगस्ट 1947 लाच स्वतंत्र झाला. वाद पेटल्यावर पुस्तक उघडलं, तर मीच चुकलो होतो. कबूल केलं तर हसं होईल. मेसेज गुपचूप डिलीट करू का?
— एक वाचक, सोनारी

उत्तर : डिलीट करू नका, लोकांना ती पळवाट वाटेल. पत जाते ती हट्टाने. त्याच मेसेजला रिप्लाय देऊन लिहा : ‘माझं चुकलं. परंडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. निजामाने 17 सप्टेंबर 1948 ला शरणागती पत्करली.’ पुढे ‘पण’ जोडू नका. बरोबर सांगणाऱ्याचे आभार माना. मेसेज जिथे फॉरवर्ड केला, तिथेही दुरुस्ती पाठवा. कोणी डिवचलं तर उत्तर देऊ नका. चेष्टा लवकर विरते.